बुधवारचं पान

ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत मला माझी कॉलेजातली मैत्रीण दिसली. कठड्याला धरून ती एकेक पायरी चढत होती आणि मागची माणसं तिला वळसा घालून पुढे जात होती. मला वाटलं पाय मुरगळला असेल. तसं विचारलं तर म्हणाली, "पाय बरा आहे रे. पोटाचं ऑपरेशन झालं. दीड महिना झाला आता." मी नौपाड्यात राहतो, ती कळव्याला. ठाण्याच्या पुढचंच स्टेशन. "मला कळवलं का नाहीस?" असं मी म्हटल्यावर ती रागावली नाही. "कुणाकुणाला कळवत बसणार? आपण शेवटचं कधी बोललो, तुला तरी आठवतंय का?" एवढं म्हणाली आणि तिची गाडी लागली तशी निघाली.

मला आठवत नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी कागदावर नावं काढली. कळवा, मुलुंड, ऐरोली, कोपरखैरणे, घोडबंदर रोड, आणि ठाण्यातलेच दोघं. सगळी मिळून अकरा माणसं. तासाभरात आमच्या घरी पोहोचतील अशी, आणि तरीही लग्नकार्य सोडून वर्षभरात ज्यांच्या शेजारी बसून आम्ही घास खाल्ला नव्हता अशी. "एकदा भेटू या" हे आम्ही सगळेच एकमेकांना सांगत होतो. बायको म्हणाली, त्यातलं 'एकदा' काढून टाकू. दर आठवड्याला एक वार, आमच्या घरी, रात्री साडेआठला जेवण. ज्याला जमेल त्याने यायचं, न येणाऱ्याने कारण सांगायचं नाही. त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे.

वार ठरवायलाच आठवडा गेला. सोमवारी एकाचा उपास, गुरुवारी दोघांचा, शनिवारी एकीचा. मंगळवारी मुलुंडच्या मित्राला रात्रपाळी. शुक्रवारी कुणी ना कुणी गावाला निघालेलं असतं आणि शनिवार-रविवार साखरपुडे, बारशी, सासर-माहेर यांतच संपतात. उरला बुधवार. जागेबद्दल मात्र वाद झाला नाही. मध्य रेल्वेची मुख्य लाइन आणि नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर या ठाण्यातच मिळतात. ट्रान्स-हार्बर २००४ साली सुरू झाली. त्याआधी कोपरखैरण्याच्या माणसाला ठाण्याला यायचं तर बस, नाहीतर गाडीने कुर्ल्याला वळसा. आता नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरायचं आणि पंधरा मिनिटं चालायचं. नौपाड्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून चारचाकी आणू नका हे पहिल्या दिवशीच सांगितलं. अडचण एकाच जोडप्याची होती. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रोडवरून किती वाजता पोहोचू हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. सुरुवातीला आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो, भात गार व्हायचा आणि ते दोघं ओशाळल्यासारखे आत यायचे. मग नियम केला की साडेआठ म्हणजे साडेआठ. उशिरा येणाऱ्याचं पान वाढून झाकून ठेवायचं. नियम झाल्यापासून ते दोघं निवांत येतात.

पहिला महिना मी पुरता चुकलो, आणि ते सविस्तर सांगतो, कारण असं काही सुरू करणारे बहुतेक जण याच जागी अडखळत असावेत.

पहिल्या बुधवारी छोले, मटार-पनीर, पुऱ्या, जिरा राइस आणि गुलाबजाम असा बेत केला. पहाटे पाचला उठून कांदा-टोमॅटो परतला, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नऊ जण आले. प्रत्येकाने दारातच विचारलं, "आज काय विशेष?" कुणी मिठाईचा पुडा आणला होता, कुणी मुलीसाठी रंगपेटी. लग्नाचा वाढदिवस आहे का ते खरं सांग, म्हणून एकीने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. पुऱ्या गरमच हव्यात म्हणून मी आणि बायको आलटून पालटून कढईपाशी उभे. बाहेर हसण्याचा आवाज येत होता. ज्यांच्यासाठी एवढं मांडलं त्यांच्याशी त्या रात्री मी दहा मिनिटंही बोललो नाही.

दुसऱ्या बुधवारी पावभाजी. तिसऱ्या बुधवारी पुलाव आणि बासुंदी. चौथ्या बुधवारी दोघंच आले आणि अर्धं पातेलं अन्न उरलं.

मी कोपरखैरण्याच्या मित्राला फोन लावला. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे तो आडपडदा ठेवत नाही. म्हणाला, "तुझ्याकडे येऊन लग्नाच्या पंगतीसारखं जेवायचं. आमचं सिडकोचं घर, एक खोली आणि किचन. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. तुम्हाला सगळ्यांना मी कुठे बसवू? एकदा आलो, दोनदा आलो. तिसऱ्यांदा यायला संकोच वाटतो रे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आपल्याकडे जेवणाच्या बोलावण्याला परतफेड जोडलेली असते. निघताना दारात "आता तुम्ही यायचं आमच्याकडे" म्हटल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. वर्षातून एकदा ते गोड वाटतं. दर आठवड्याला बासुंदीच्या वाटीतून तेच ओझं मी त्याच्या पुढ्यात ठेवत होतो.

पुढच्या बुधवारी आम्ही कुणीही आलं नसतं तरी जे केलं असतं तेच करायचं ठरवलं. मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी. तसं सगळ्यांना कळवलंही. विरोध झाला तो घरातूनच. आई शहात्तर वर्षांची आहे, माहेर वाईचं. "लोकांना जेवायला बोलवायचं आणि पानात नुसती खिचडी? पान रिकामं दिसतं रे. वाढणाऱ्याचा हात आखडतो." मी तिला मित्राचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती काही बोलली नाही. रविवारी सकाळी उठून बघतो तर तिने ओट्यावर बरण्या मांडल्या होत्या. "खिचडीच करायची तर कर. पानाची डावी बाजू मी बघते."

आमच्या घरी सणाला पान वाढतात तेव्हा आधी मीठ, वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. रोजच्या धावपळीत यातली उजवी बाजू आणि भात टिकून राहिलाय, डावी बाजू कधी गेली ते कळलंही नाही. आमच्या फ्रिजमध्ये तर लोणच्याची एक विकतची बाटली एवढीच उरली होती. आईने त्या रविवारी खोबरं-लसणाची चटणी कुटली, मेतकूट दळलं, सांडगी मिरच्या तळून डब्यात भरल्या, लिंबाचं गोड लोणचं दोन महिन्यांपूर्वी घातलेलं होतंच. बुधवारी संध्याकाळी फक्त काकडीची कोशिंबीर करायची आणि पापड भाजायचे राहिले.

त्या दिवशी हॉलमध्ये सतरंजी अंथरून सात जण बसलो. मी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसलेला होतो. खिचडी, तूप, कढी, आणि डावीकडे सहा पदार्थ. कोपरखैरण्याचा मित्र आला होता. त्याने तीनदा मेतकूट घेतलं आणि म्हणाला, "काकू, हे मी आजोळी खायचो." मग त्याचं आजोळ, तिथली विहीर, मामाचा स्वभाव असं काय काय निघालं. साडेदहा कधी वाजले कळलं नाही.

तेव्हापासून मी हे मनापासून सांगत आलोय की ज्याला दर आठवड्याला माणसं जेवायला बोलवायची आहेत त्याने मुख्य पदार्थाचा विचार सोडावा आणि डाव्या बाजूचा करावा. ती आधी करून ठेवता येते, टिकते, आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो आपल्या हाताने घेतो. आमच्यात एक जैन आहे, तिला कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. एकाला मधुमेह आहे, एकाला तिखट सोसत नाही आणि एकाला ठेच्याशिवाय घास जात नाही. मधल्या खिचडीत या सगळ्यांची सोय करायची म्हटली तर चार पातेली चढवावी लागतील. डाव्या बाजूला ती आपोआप होते. आईने एक गोष्ट मात्र कष्टाने सोडली, आग्रह. "पोट भरलं म्हणतोय ना तो, मग राहू दे," असं ती आता स्वतःच बायकोला सांगते.

कामाचं म्हणाल तर रविवारचा एक तास आणि बुधवारचा सव्वा तास. मेतकुटाला हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. धने, जिरं, मोहरी, थोडी मेथीही भाजून घ्यायची. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, गरम दळलं की वाफ धरून पीठ ओलसर होतं. मग हळद, हिंग, सुंठ घालून चाळायचं. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली की दाण्याला तेल सुटून ती मऊ, मिळून येते. मिक्सरवर करायची तर थांबत थांबत फिरवावी लागते. जवसाची चटणी आठवड्यापुरतीच करायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. ठाण्याच्या दमट हवेत ती बाहेर राहिली की लवकर खवट होते, दोनदा फेकून दिल्यावर हे कळलं. कोशिंबिरीत मीठ पानं वाढताना घालायचं, आधी घातलं की काकडीला पाणी सुटून खाली तळं साचतं.

दहा माणसांना चार वाट्या तांदूळ आणि दोन वाट्या मुगाची डाळ पुरते. पहिल्यांदा ती सगळी एकाच कुकरमध्ये कोंबली. डाळ फेसाळली आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडून भिंतभर झालं. डाळ असलेला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. तेव्हापासून खिचडी जाड बुडाच्या पातेल्यात, उकळतं पाणी घालत, झाकण ठेवून करतो. वेळ जास्त लागतो पण तेवढ्यात कढी होते. कढीला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, फुटते. काकड्या, कोथिंबीर, लिंबं मंगळवारीच जांभळी नाक्यावरून येतात. माझं ऑफिस ऐरोलीला. बुधवारी सहाला निघालो की सातच्या आत घरी असतो.

बेत तेच ते फिरून येतात. खिचडी-कढी, पिठलं-भाकरी, वरणफळं, मऊ भात-मेतकूट आणि सोबत एखादी पालेभाजी. भाकऱ्या घरी करायचा हट्ट एकदाच केला. वीस भाकऱ्या थापेपर्यंत बायकोच्या वाट्याला पुन्हा ओटाच आला. आता दुपारी बाराच्या आत कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात सांगून ठेवतो, संध्याकाळी फडक्यात गुंडाळलेली चळत मिळते. तव्याशी किंवा कढईशी उभं राहावं लागेल असं बुधवारी काहीही करायचं नाही. महिन्यात पाचवा बुधवार आला तर मिसळ. मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेल्या ठाणेकरांपुढे घरची मिसळ ठेवायची तर कट आणि उसळ वेगळी ठेवावी लागते, म्हणजे ज्याची त्याची झेप ज्याला त्याला ठरवता येते.

तीन-चार महिन्यांनी वर्गणीचा विषय निघाला. दर वेळी तुम्हीच का खर्च करायचा, पैसे काढू या, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते नको होतं. पैसे आले की हिशेब येतो, आणि कोण किती वेळा आलं हे मोजावं लागतं. आईने तोड काढली. "पैसे नकोत. ज्याच्या घरी जी चटणी होते ती आणा."

पुढच्या महिन्याभरात आमचा ओटा बदलून गेला. ठाण्यातले दोघं मूळचे सोलापूरचे, त्यांनी शेंगदाण्याची लालभडक चटणी आणली. मुलुंडच्या मित्राची बायको विदर्भातली, तिच्याकडून जवसाची. ऐरोलीचं घर कोकणातलं, तिथून कोकमाचं आगळ आलं आणि कढीच्या जागी कधीमधी सोलकढी व्हायला लागली. जैन मैत्रीण छुंदा आणते. कळव्याच्या मैत्रिणीची आई कारळ्याची चटणी करते, ती संपायच्या आत दुसरी बरणी येते. आणि कोपरखैरण्याचा मित्र, ज्याच्या घरी सगळ्यांना बसायला जागा नाही, त्याच्या आईच्या हातचा हिरव्या मिरचीचा ठेचा आला की आमच्याकडे पहिल्यांदा त्याच्याकडेच हात जातो. त्या माउलीला मी एकदा फोन करून हे सांगितलं. पुढच्या बुधवारी बरणी मोठी आली.

पंचांगाचंही भान ठेवावं लागतं. चातुर्मासात आमच्यातली तीन घरं कांदा-लसूण-वांगं सोडतात, म्हणून आषाढ शुद्ध नवमीच्या जवळच्या बुधवारी कांदेनवमी करतो. कांद्याचं थालीपीठ, कांद्याची चटणी, कांद्याचं पिठलं. थालीपिठांपुरता तव्याचा नियम मोडतो, पण तवा त्या दिवशी पाहुण्यांकडेच असतो. एकादशी बुधवारी आली तर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी सगळ्यांनाच. संकष्टी आली तर जेवण चंद्रोदयावर जातं आणि तोवर सगळे गच्चीत उभे. ढग असले तर कॅलेंडरमधली वेळ बघायची.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सोमवारी रात्री कळव्याच्या मैत्रिणीचे वडील गेले. अशा घरी चूल पेटत नाही, शेजारचे आणि जवळचे जेवण पोहोचवतात. मंगळवारी त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी पाहिलं. बुधवारी सकाळी मी काही विचारायच्या आत ऐरोलीहून फोन आला, "आज आपण कळव्यालाच जायचं ना?" मी खोबरं-लसणाची चटणी डब्यात भरायला घेतली तर आईने हात धरला. "आज लोणचं-पापड, चटणी काही नको. नुसतं पिठलं-भात ने." दोन पातेली फडक्यात बांधून आम्ही लोकलने कळव्याला गेलो. तिच्या घरात एकूण नऊ माणसं होती, त्यांना वाढलं. ताटात पांढरा भात आणि पिवळं पिठलं, बाकी ताट मोकळं. मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन घास खाल्ले. फारसं कुणी बोललं नाही. निघताना तिची आई मला म्हणाली, "तुम्ही सगळे बुधवारी भेटता, ते हेच ना?" दिवसवार होईपर्यंत दुसरा बुधवारही आम्ही तिथेच केला.

त्यानंतर ती पहिल्यांदा नौपाड्याला आली तेव्हा आईने तिचं पान स्वतः वाढलं. आधी मीठ, मग लिंबाची फोड, मग एकेक चटणी. ती बघत होती. तिने आईला विचारलं, "काकू, मीठच आधी का?" आई म्हणाली, "मला माझ्या आजीने असंच शिकवलं." त्या रात्री ती सगळ्यांच्या शेवटी उठली.

गेल्या जुलैतला एक बुधवार सांगतो आणि थांबतो. बायको तिच्या आईकडे पुण्याला गेली होती. दुपारपासून पाऊस कोसळत होता आणि संध्याकाळी माझी गाडी ऐरोलीतून निघून वाटेत उभी राहिली ती हलेचना. मोबाइलवर सगळ्यांना निरोप टाकला की मी अडकलोय, घरी फक्त आई आणि मुलगी आहेत, आजचं राहू दे. कुणाचं उत्तर आलं नाही. मग फोनची बॅटरीही गेली.

पावणेअकराला चिंब भिजून जिना चढलो तर दारात सहा जोडी ओल्या चपला. आत हॉलमध्ये सतरंजी, आई खुर्चीवर, मुलगी ऐरोलीच्या मित्राशी पत्ते खेळतेय. खिचडी कळव्याच्या मैत्रिणीने केली होती, पाण्याचा अंदाज आईला विचारून. कोपरखैरण्याचा मित्र बसने निघाला होता, रस्ता तुंबला तेव्हा शेवटचा टप्पा चालत आला. घोडबंदरची दोघं त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोहोचलेली. रात्री कुणी कुठे झोपायचं हे त्यांचं ठरूनही गेलं होतं.

"आधी डोकं पूस," आई म्हणाली.

कपडे बदलून बाहेर आलो. भिंतीशी माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. झाकण काढलं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबाची फोड, ठेचा, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची, छुंदा. कोशिंबिरीची जागा मोकळी होती. मैत्रीण स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली, त्यात नुसत्या काकडीच्या फोडी होत्या.

"मीठ आत्ता घालते," ती म्हणाली, "नाहीतर पाणी सुटलं असतं."